मोजलेला आकडा आणि मानलेला आकडा: सेंटिनेल-५पीच्या मोफत डेटाचे परीक्षण

विदर्भातील एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवत असताना गेली सहा वर्षे मी सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहाचा डेटा जवळजवळ दर आठवड्याला उघडतो. कधी तो वर्गात दाखवण्यासाठी लागतो, तर कधी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी. हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड, फॉर्मल्डिहाइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि ओझोन यांची रोजची, जगभराची मोजणी कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. साधी नोंदणी केली की काम भागते. मराठीत या सेवेविषयी जे वाचायला मिळते त्यात एक तर रंगीत नकाशांचे कौतुक असते, नाहीतर ‘उपग्रहाने प्रदूषण पकडले’ अशा बातम्या असतात. डेटा प्रत्यक्ष वापरताना काय हाती लागते, कुठे फसगत होते आणि आपल्या भागासाठी त्याचा किती उपयोग आहे, हे वापरणाऱ्याच्या बाजूने सांगावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

आधी उपकरणाविषयी. हा उपग्रह १३ ऑक्टोबर २०१७ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून सोडण्यात आला. त्यावर ट्रोपोमी हा एकच वर्णपटमापी आहे आणि तो नेदरलँड्समधील संस्था व युरोपीय अवकाश संस्था यांनी मिळून घडवला आहे. सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून, सुमारे २६०० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहत तो दुपारी दीडच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जातो. जमिनीवरून परतलेला सूर्यप्रकाश तो बारकाईने विलग करतो. प्रत्येक वायू प्रकाशातील ठरावीक लहरी शोषून घेतो आणि त्या शोषणाच्या खुणांवरून वायूचे प्रमाण काढले जाते. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ४०५ ते ४६५ नॅनोमीटर हा जांभळ्या-निळ्या प्रकाशाचा पट्टा वापरतात, फॉर्मल्डिहाइडसाठी त्याहून आखूड लहरींचे अतिनील किरण, तर मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी २.३ मायक्रॉनच्या आसपासचे अवरक्त किरण. ६ ऑगस्ट २०१९ पासून नायट्रोजन डायऑक्साइडचा एक पिक्सेल पट्ट्याच्या मध्यभागी सुमारे ५.५ बाय ३.५ किलोमीटरचा झाला आहे. यापूर्वीच्या पिढीतील ओएमआय या उपकरणाचा पिक्सेल १३ बाय २४ किलोमीटरचा होता. म्हणजे जिथे पूर्वी एकच आकडा मिळे, तिथे आता सोळा आकडे मिळतात. चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र, कोराडी-खापरखेडा, तिरोडा ही नावे पूर्वी एकाच धूसर डागात मिसळून जात. ती आता काही आठवड्यांच्या सरासरीत वेगवेगळी दिसतात. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी या उपकरणाला वरच्या श्रेणीत बसवीन.

मात्र नकाशा पाहणे वेगळे आणि फाइल उघडणे वेगळे. उपग्रहाच्या एका प्रदक्षिणेची एक फाइल असते, तिचा आकार काही शे मेगाबाइट असतो आणि ती नेटसीडीएफ या स्वरूपात येते. नासाने तयार केलेले पॅनोप्ली हे मोफत सॉफ्टवेअर वापरून मी ती विद्यार्थ्यांसमोर उघडतो. पहिला धक्का एककाचा असतो, कारण आकडे ‘दर चौरस मीटरमागे मोल’ या एककात असतात आणि दशांश चिन्हानंतर तीन-चार शून्ये आल्यावरच खरा अंक दिसतो. जुन्या शोधनिबंधांशी तुलना करायची तर त्यांना ६.०२२ गुणिले १० चा १९वा घात याने गुणावे लागते, तेव्हा ‘दर चौरस सेंटिमीटरमागे रेणू’ हे परिचयाचे एकक मिळते. दुसरा धक्का गुणवत्तेच्या रकान्याचा. प्रत्येक पिक्सेलला ० ते १ यांच्या दरम्यान एक गुणवत्ता-मूल्य दिलेले असते आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ते ०.७५ हून अधिक असेल तरच पिक्सेल वापरावा, अशी उत्पादकांची स्पष्ट सूचना आहे. ही चाळणी लावली की ढगाळ दिवशी अर्धा नकाशा नाहीसा होतो. तिसरा धक्का उणे आकड्यांचा. हवेत वायू उणे कसा असेल, असा प्रश्न दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच आणि बहुतेक जण ते आकडे परस्पर काढून टाकतात. ही चूक आहे. जिथे वायू अगदी कमी असतो तिथे मोजणीतील गोंधळ शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरतो. उणे बाजू कापली की सरासरी खोटेपणाने वर चढते आणि स्वच्छ जंगलही थोडे प्रदूषित दिसू लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण या सेवेचे मोल त्याच्यावर ठरते. फाइलमधील शेवटचा आकडा पूर्णपणे मोजलेला नसतो. उपकरण मोजते ते तिरक्या मार्गावरील एकूण शोषण, म्हणजे सूर्याकडून जमिनीपर्यंत आणि तिथून उपग्रहापर्यंत आलेल्या प्रकाशाने वाटेत किती रेणू ओलांडले, हे. त्यातून स्थितांबरातील वाटा वजा करायचा आणि उरलेल्याचे उभ्या स्तंभात, म्हणजे जमिनीच्या ठरावीक तुकड्यावरील सरळ उभ्या हवेतील प्रमाणात, रूपांतर करायचे, यासाठी वायू कोणत्या उंचीवर किती आहे हे आधी धरून चालावे लागते. खालच्या थरातील वायू उपग्रहाला कमी जाणवतो, वरच्या थरातील अधिक. ही गृहीत रचना टीएम५ या जागतिक मॉडेलमधून घेतली जाते आणि त्या मॉडेलचे एक घर एक अंश बाय एक अंशाचे, म्हणजे आपल्याकडे साधारण ११० किलोमीटर लांबी-रुंदीचे असते. चंद्रपूरचे वीजकेंद्र आणि ताडोब्याचे जंगल यांच्यात यापेक्षा कितीतरी कमी अंतर आहे. मॉडेलच्या दृष्टीने धुराडे आणि साग-बांबूचे रान यांची हवा उंचीनुसार जवळजवळ सारखीच रचलेली असते. त्यामुळे धुराड्यावरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि त्याचा थोडा अंश शेजारच्या जंगलाच्या खाती जातो. जमिनीवरील यंत्रांशी पडताळणी केल्यावर प्रदूषित ठिकाणी ट्रोपोमीचे आकडे एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी भरल्याचे प्रसिद्ध झाले आहे. पुढच्या आवृत्त्यांत ही तूट घटली, संपली नाही.

मग हा डेटा टाकाऊ ठरतो का? अजिबात नाही, आणि याचे श्रेय ज्यांनी तो इतक्या उघडपणे दिला त्यांना आहे. प्रत्येक पिक्सेलसोबत ‘अ‍ॅव्हरेजिंग कर्नल’ नावाची आकड्यांची एक ओळ दिलेली असते. कोणत्या थराविषयी उपकरण किती संवेदनशील होते, हे ती थरागणिक सांगते. आपल्याकडे अधिक बारीक जाळीचे मॉडेल असेल तर गृहीत रचना काढून आपली रचना बसवण्याची सोय या ओळीमुळे होते. माझ्या पाहण्यातले बहुतेक वापरकर्ते हा रकाना उघडतही नाहीत, आणि या सेवेतील सर्वांत मौल्यवान गोष्ट तीच आहे, असे माझे ठाम मत आहे.

तयार जाळीत बसवलेल्या आवृत्त्यांविषयी म्हणूनच सावध केले पाहिजे. सुमारे एक किलोमीटरच्या जाळीवर पसरलेला डेटा एका मेघसंगणन (क्लाउड कम्प्युटिंग) मंचावर चुटकीसरशी मिळतो आणि नकाशा फार देखणा येतो. पण उपकरणाचा पिक्सेल मुळात साडेपाच किलोमीटरचा असताना एक किलोमीटरवर दिसणारा तपशील हा गणिताने ताणलेला असतो, आणि त्या आवृत्तीत कर्नलची ओळ नसते. शहरातील एका वॉर्डाची दुसऱ्याशी तुलना करणारे काही प्रकल्प-अहवाल माझ्याकडे तपासायला आले, त्यांचा पायाच या गैरसमजावर होता.

आवृत्त्यांचाही असाच धडा मिळाला. २०२० च्या टाळेबंदीनंतर नायट्रोजन डायऑक्साइड पुन्हा कसा वाढला, हे एका विद्यार्थिनीने मोठ्या कष्टाने मांडले होते. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या आलेखाने अचानक उडी घेतली. कारखाने, वाहतूक, थंडीतील स्थिर हवा अशी कारणे आम्ही शोधत बसलो. नोव्हेंबरअखेर ढगांची उंची काढण्याची पद्धत बदलून नवी आवृत्ती लागू झाली होती आणि प्रदूषित भागांत आकडे त्यामुळेच वर गेले होते, हे नंतर सूचनापत्रात सापडले. संपूर्ण कालखंडाचा डेटा पुढे एकाच पद्धतीने पुन्हा प्रक्रिया करून उपलब्ध झाला, तो घेऊन तिने सगळे काम नव्याने केले. वर्षांची तुलना करायची असेल तर ही पुनःप्रक्रिया केलेली मालिकाच घ्यावी. तातडीची, तीन तासांत मिळणारी फाइल त्या कामाची नाही.

नैसर्गिक उत्सर्जनाकडे वळतो, कारण माझा स्वतःचा ओढा तिकडे आहे. झाडे उन्हात आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात. जगभरातील वनस्पती वर्षाला सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात असा मेगन या प्रचलित मॉडेलचा अंदाज आहे. आयसोप्रीन हवेत तासा-दोन तासांत मोडते आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होते, जे ट्रोपोमीला दिसते. म्हणून फॉर्मल्डिहाइडच्या नकाशावरून जंगलाचे आयसोप्रीन ओळखायचे, अशी ही रीत आहे. कल्पना सुंदर आहे, पण वापरताना संयम लागतो. फॉर्मल्डिहाइडची खूण फार क्षीण असते आणि एका पिक्सेलमधील अनिश्चितता कित्येकदा मोजायच्या प्रमाणाएवढीच असते. एका दिवसाचा नकाशा म्हणजे नुसते ठिपके. महिन्याभराची सरासरी घेतल्यावर मेळघाट, गडचिरोली, बस्तरचा पट्टा यांविषयी काही बोलता येते. त्यातही मिथेनच्या विघटनातून येणारे फॉर्मल्डिहाइड सर्वत्र पार्श्वभूमीला असतेच, ते वेगळे करावे लागते.

आमच्या भागात आणखी एक गुंता आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, तेंदूपानांच्या हंगामाआधीही आगी लागतात, आणि या आगींतूनही फॉर्मल्डिहाइड निघते. नकाशावर लाल झालेले रान उन्हाने तापलेल्या पानांमुळे लाल आहे की जळणाऱ्या पाचोळ्यामुळे, हे एका वायूवरून कळत नाही. त्यासाठी मी त्याच फेरीतील कार्बन मोनॉक्साइड आणि धुराचा निर्देशांक पाहतो, तसेच ट्रोपोमीच्या सुमारे साडेतीन मिनिटे पुढे उडणाऱ्या सुओमी एनपीपी या उपग्रहाने टिपलेल्या आगीच्या जागा नकाशावर ठेवतो. जिथे तिन्ही खुणा एकत्र येतात ते दिवस बाजूला काढतो. शिवाय सागाचे रान उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात निष्पर्ण असते. पारा ४४ अंशांवर असला तरी पानच नाही तर आयसोप्रीन कुठून येणार? मॉडेलला तापमान, ऊन आणि पर्णक्षेत्र यांची माहिती दिलेली असते, पण कोणती झाडे किती सोडतात याचे गुणांक वनस्पतींच्या ढोबळ गटांवरून घेतलेले असतात. साग, ऐन, मोह, बांबू यांचे रान त्या गटांत नीट बसत नाही. उपग्रहाचा स्तंभ आणि मॉडेलचा अंदाज यांत तफावत आली की दोष उपग्रहाकडे जातो. माझ्या मते आधी झाडांची यादी तपासावी.

मातीतून आणि आकाशात कडाडणाऱ्या विजेतून येणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडविषयी थोडक्यात सांगतो. कोरड्या मातीवर वळवाचा पहिला पाऊस पडला की सूक्ष्मजीव जागे होतात आणि नायट्रिक ऑक्साइडचा झोत सुटतो. शहरांपासून दूरच्या शेतपट्ट्यात त्याची खूण शोधता येते, परंतु पावसासोबत ढग येतात आणि नेमके हवे तेच दिवस चाळणीत गळतात. विजेतून जगभर वर्षाला साधारण २० ते ८० लाख टन नायट्रोजन या रूपात बाहेर पडतो, असा अंदाज आहे. तो उंचावर असल्याने उपग्रहाला चांगला जाणवतो, तरी ढगांच्या राशीत त्याचा हिशेब करणे हे तज्ज्ञांचे काम आहे.

सल्फर डायऑक्साइडच्या बाबतीत मात्र या सेवेने मला थक्क केले. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हायली गुब्बी या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. राख आणि सल्फर डायऑक्साइड यांचा लोट तांबडा समुद्र, येमेन, ओमान आणि अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्याच दिवशी भारताच्या पश्चिम आणि वायव्य भागावर आला. लोकांत घबराट पसरली, मलाही ‘मास्क घालायचा का’ असे दूरध्वनी आले. मी फाइल उघडली तेव्हा एकाच पिक्सेलसाठी वेगवेगळे स्तंभ दिलेले होते, कारण वायूचा थर जमिनीलगत, ७ किलोमीटरवर किंवा १५ किलोमीटरवर आहे असे मानून गणित स्वतंत्रपणे केलेले असते. जमिनीलगतचा थर उपग्रहाला कमी जाणवतो, म्हणून तेवढ्याच खुणेसाठी जमिनीलगतचा आकडा सर्वांत मोठा येतो. हा लोट खूप उंचावरून चालला होता, म्हणून वरच्या थराचा आकडा घेणे योग्य होते. समाजमाध्यमांवर फिरणारे नकाशे उंचीचा उल्लेख न करता दाखवले जात होते आणि पाहणाऱ्याला वाटत होते की आपण श्वास घेतो ती हवाच लाल झाली आहे. उपग्रहाने आकडा दिला, पण तो कोणत्या उंचीचा समजायचा हे वाऱ्याच्या मॉडेलने आणि उद्रेकाच्या निरीक्षणांनी सांगितले. दोन्ही एकत्र वाचल्यावरच मी समोरच्यांना निर्धास्तपणे ‘मास्कची गरज नाही’ असे सांगू शकलो.

मिथेनबाबत माझा अभिप्राय संमिश्र आहे. हवेत मिथेन एक अब्ज भागांत सुमारे १९०० भाग असतो आणि एखाद्या शहरामुळे त्यात काही दशक भागांचीच भर पडते, म्हणजे एक-दोन टक्क्यांचा खेळ. इतक्या अचूकतेसाठी जवळजवळ निरभ्र आकाश लागते. दख्खनच्या पठारावर हिवाळ्या-उन्हाळ्यात डेटा भरपूर मिळतो, कारण उजळ, कोरडी जमीन अवरक्त प्रकाश चांगला परतवते. कोकणात डोंगरउतार, किनारा आणि गर्द झाडी यांमुळे पिक्सेल गळत जातात. आणि भातखाचरांत पाणी उभे असते, मिथेन निघत असतो, त्या जुलै ते सप्टेंबरच्या काळात सह्याद्रीवर ढग हटत नाहीत. भाताच्या मिथेनसाठी हा डेटा घेऊ पाहणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यावे. कचऱ्याबाबत मात्र त्याने मोठे काम केले आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्रोपोमीने शहरे हेरली आणि अधिक बारीक नजरेच्या उपग्रहांनी कचराभूमी शोधल्या. ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांचे मिथेन उत्सर्जन प्रचलित नोंदींपेक्षा १.४ ते २.६ पट निघाले.

या सगळ्याला जोडून कॅम्स ही वातावरणातील वायू व धूळ यांचा अंदाज देणारी सेवा येते. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्र ती चालवते, उपग्रहांचे आकडे मॉडेलमध्ये मिसळते आणि पाच दिवसांचा जागतिक अंदाज दिवसातून दोनदा देते. ढगांच्या दिवशी उपग्रहाच्या नकाशाला पडलेली भोके इथे भरलेली दिसतात, आणि नवख्याला म्हणूनच ती अधिक ‘पूर्ण’ वाटते. भोके मॉडेलने भरली आहेत याचे भान मात्र ठेवले पाहिजे. तिच्या जागतिक अंदाजाचे एक घर साधारण ४० किलोमीटरचे आहे. किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत त्यात एक-दोनच घरे बसतात, तेव्हा खाडी, गाव, घाट आणि पठार यांची हवा एकाच आकड्यात मावते. ज्वालामुखीचा लोट, अरबस्तानातून येणारी धूळ, उत्तरेकडील काडीकचऱ्याचा धूर यांसाठी मी ती निःशंकपणे वापरतो. एका तालुक्याच्या प्रश्नासाठी वापरणार नाही.

कागदपत्रांना पूर्ण गुण दिले पाहिजेत. प्रत्येक वायूची वापर-पुस्तिका, गणिताचा पाया सांगणारा दस्तऐवज आणि पडताळणीचे अहवाल मोफत आहेत, आणि त्यांत उणिवा झाकलेल्या नाहीत. कमी वेगाच्या इंटरनेटवर फाइली उतरवणे जिकिरीचे आहे, म्हणून मी हव्या त्या फेऱ्या रात्रभर लावून ठेवतो आणि फक्त विदर्भाचा तुकडा कापून साठवतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने नायट्रोजन डायऑक्साइडपासून सुरुवात करावी, फॉर्मल्डिहाइडकडे एक वर्षानंतर वळावे आणि मिथेनला मार्गदर्शकाशिवाय हात लावू नये. ‘आमच्या गावची हवा आज कशी आहे’ एवढेच ज्यांना हवे आहे, त्यांनी जवळच्या जमिनीवरील केंद्राचा आकडा पाहावा. उपग्रह सबंध स्तंभ पाहतो, आपण त्याच्या तळाशी श्वास घेतो.

राहिला दुपारी दीडचा प्रश्न. त्या वेळी ऊन सर्वाधिक, हवा सर्वांत जास्त घुसळलेली आणि नायट्रोजन डायऑक्साइड दिवसातल्या नीचांकाजवळ असतो. सकाळची वर्दळ आणि संध्याकाळचा धूर ट्रोपोमीला कधीच दिसत नाहीत. कोरियाचा जेम्स हा २०२० मध्ये सोडलेला वर्णपटमापी दिवसभर तासातासाने पाहतो, पण त्याच्या क्षेत्राची पश्चिम सीमा ७५ अंश पूर्व रेखांशाजवळ आहे. त्यामुळे मुंबई, पुणे, नाशिक आणि कोल्हापूर बाहेर राहतात, तर नागपूर-चंद्रपूर आत येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५ या उपकरणाची वेळ सकाळी साडेनऊची आहे. त्याच्या फाइली हाती आल्या की चंद्रपूरच्या धुराड्याची सकाळ आणि दुपार एकाच दिवशी शेजारी ठेवून पाहायची, एवढ्यासाठी मी त्या उड्डाणानंतरचे सगळे निरभ्र दिवस आत्ताच वेगळे काढून ठेवू लागलो आहे.